अमेरिकेचं टपाल : एकच मत, दोन राज्यं

गेल्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं, की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतलं 'इलेक्टोरल कॉलेज', म्हणजे निर्वाचक मंडळ, आता रद्द व्हायला हवं. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना मी पूर्ण त्यांनाच देते आहे.

'ताई, मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं; पण ज्याला कमी मतं पडली तो राष्ट्राध्यक्ष कसा होतो, हे मुलांना मला कधी धड सांगता आलं नाही. तुम्ही तिथे मत देता, तुम्हीच सांगा.'
*– निवृत्त शिक्षक, सांगली*

गुरुजी, नमस्कार. मी मिरजेची, म्हणजे तुमच्या शेजारचीच. तुमच्यासारख्याच एका बाईंकडे नागरिकशास्त्र शिकले, त्यामुळे उत्तर फळ्यावर लिहिल्यासारखं देते.

इथे आम्ही मत देतो ते खरं तर उमेदवाराला नाही, त्याच्या बाजूच्या निर्वाचकांच्या यादीला. देशभरात असे ५३८ निर्वाचक. प्रत्येक राज्याला त्याचे प्रतिनिधिगृहातले (म्हणजे इथल्या लोकसभेतले) प्रतिनिधी अधिक सिनेट या वरच्या सभागृहातले दोन सिनेटर इतके मिळतात, आणि राजधानी वॉशिंग्टनला तीन. जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडली तर बाकी सगळ्या राज्यांत ज्याला एका मताची आघाडी, त्याला त्या राज्याचे झाडून सगळे निर्वाचक. उरलेल्यांची मतं तिथेच संपतात, पुढच्या बेरजेत येतच नाहीत.

हे मला पुस्तकातून नाही, घर बदलल्यावर कळलं. २००७ साली मी नागरिक झाले, तेव्हा आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहत होतो. ४ नोव्हेंबर २००८ ला आयुष्यातलं अमेरिकेतलं पहिलं मत दिलं. साडी नेसून गेले होते. रात्री आठला आमच्याकडची केंद्रं बंद झाली आणि त्याच मिनिटाला टीव्हीवर जाहीर झालं, ओबामा निवडून आले. आमच्या भागातल्या मतपत्रिका अजून मोजणीच्या जागी पोचायच्या होत्या. मी कुणाला मत दिलं होतं ते सोडा. पण त्या रात्री माझं मत मोजलं जायच्या आधीच माझ्या राज्याचा निकाल लागलेला होता. सनीव्हेलच्या त्या घराचं दार प्रचारासाठी एकदाही कुणी वाजवलं नाही.

२०१४ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या उत्तरेला बक्स काउंटीत आलो. २०१६ चा ऑक्टोबर आला आणि दाराची घंटा थांबेना. शनिवारी सकाळी पोहे परतत असताना एका पक्षाची मुलं, दुपारी दुसऱ्या पक्षाच्या बाई. टपालपेटीत इतकी कार्डं यायची की मी ती चपलांच्या खोक्यात साठवायला लागले. माझा पेशा हिशेबाचा, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी त्रेपन्न भरली. मी तीच, माझं शिक्षण तेच, मतंही बहुतेक तीच. फक्त पत्ता बदलला होता.

त्या वर्षी पेनसिल्व्हेनियात साठ लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि फरक होता ४४,२९२ चा. वीसच्या वीस निर्वाचक ट्रम्प यांना गेले. मिशिगनमधला फरक १०,७०४ आणि विस्कॉन्सिनमधला २२,७४८. तीन राज्यांतला फरक मिळून अठ्ठ्याहत्तर हजारही नाही, आणि त्यावर अध्यक्षपद ठरलं. देशाच्या एकूण बेरजेत हिलरी क्लिंटन सुमारे २८ लाख ६८ हजार मतांनी पुढे होत्या. गुरुजी, कमी मतांचा अध्यक्ष होतो तो असा. १८७६, १८८८, २००० आणि २०१६, असं चारदा झालं. १८२४ मध्ये कुणालाच बहुमत नव्हतं, निकाल प्रतिनिधिगृहाने दिला आणि जास्त मतं मिळालेले अँड्र्यू जॅक्सन घरी गेले.

हे गाऱ्हाणं एका पक्षाचं आहे असं कुणी समजू नये. माझा मावसभाऊ फ्रेस्नोला राहतो, रिपब्लिकन आहे. २०२० मध्ये ट्रम्प यांना कॅलिफोर्नियात साठ लाख मतं पडली, टेक्सासमध्ये पडली त्यांच्यापेक्षाही जास्त. त्या साठ लाखांतून एकही निर्वाचक निघाला नाही. तो मला म्हणाला, 'अक्का, मी रांगेत उभा राहतो ते फक्त सवयीने.' मला त्याचं फार वाईट वाटलं. त्याचं मत मला पटत नाही, पण ते मोजलं जावं असं मला मनापासून वाटतं.

'ही पद्धत लहान राज्यांना मोठ्यांनी चिरडू नये म्हणून केली, असं आम्हाला शिकवलं. मग ती काढली तर लहान राज्यांवर अन्याय नाही का होणार?'
*– कायद्याची विद्यार्थिनी, नागपूर*

बाळ, तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण माझंही बरीच वर्षं हेच मत होतं.

लहान राज्यांना वजन जास्त आहे हे खरं. वायोमिंगची २०२० ची लोकसंख्या ५,७६,८५१ आणि निर्वाचक तीन. म्हणजे एका निर्वाचकामागे एक लाख ब्याण्णव हजार माणसं. कॅलिफोर्नियात एकामागे सात लाख बत्तीस हजार. जवळजवळ पावणेचार पट. पण या वजनाचा वायोमिंगला उपयोग काय झाला? २०१६ च्या मुख्य प्रचारात दोन्ही बाजूंच्या मिळून ३९९ सभा-कार्यक्रम झाले, त्यातले ३७५ फक्त बारा राज्यांत. वायोमिंग, व्हरमाँट, साउथ डकोटा यांचा कल आधीच ठरलेला, त्यामुळे तिकडे उमेदवार फिरकत नाहीत. फायदा होतो तो काठावरच्या, म्हणजे निकाल कुणीकडेही झुकू शकेल अशा राज्यांचा, आणि पेनसिल्व्हेनिया काही लहान नाही. लहान राज्यांचं रक्षण सिनेट करते. तिथे वायोमिंगलाही दोन आणि कॅलिफोर्नियालाही दोन. ते राहू दे की.

आता मूळ. २०१८ साली आई मिरजेहून आली होती. तिला फिलाडेल्फियाला इंडिपेन्डन्स हॉल दाखवायला नेलं. १७८७ च्या उन्हाळ्यात तिथेच राज्यघटना लिहिली गेली. आईने तिथल्या माणसाचं सगळं बोलणं माझ्याकडून शब्द न् शब्द मराठीत करून घेतलं आणि मग विचारलं, 'लोकांनी थेट निवडावं असं एकालाही सुचलं नाही?' सुचलं होतं. याच पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी ते मांडलं होतं. १९ जुलैला व्हर्जिनियाचे मॅडिसन म्हणाले की लोकांनी निवडणं तत्त्वतः उत्तम, पण अडचण आहे: मताधिकार उत्तरेत जास्त पसरलेला आहे, आणि दक्षिणेला आपल्या काळ्या लोकांच्या संख्येचा काही फायदा मिळणार नाही. सरळ अर्थ असा की गुलामांना मत नाही, त्यामुळे थेट निवडणुकीत दक्षिण मागे पडते. निर्वाचकांची संख्या मात्र प्रतिनिधींच्या संख्येवर, आणि प्रतिनिधींची संख्या काढताना गुलाम तीन-पंचमांश धरायचा. ज्याला मत नाही, त्याच्या नावावर त्याच्या मालकाला वजन.

याचा परिणाम मी माझ्या राज्यापुरता ताळेबंद मांडून पाहिला. १८०० च्या जनगणनेत स्वतंत्र माणसं व्हर्जिनियापेक्षा पेनसिल्व्हेनियात जास्त होती. तरी १८०४ च्या निवडणुकीत निर्वाचक व्हर्जिनियाला २४ आणि पेनसिल्व्हेनियाला २०. पहिल्या ३६ वर्षांतली ३२ वर्षं अध्यक्ष व्हर्जिनियाचा होता.

हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. एवढ्या विस्तीर्ण देशात दूरच्या उमेदवाराची लोकांना माहिती कशी होणार, ही काळजी खरी होती. अध्यक्ष काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, निवडला तर तो काँग्रेसचा मिंधा होईल, हीही. पण लहान राज्यांच्या रक्षणाची जी गोष्ट आपण ऐकतो, तिच्यातून ही गुलामांची बाजू कायम गळालेली असते.

कायदा शिकतेस म्हणून आणखी एक सांगते. जॉर्जियात पक्षांतर्गत निवडणुकीसाठी अशीच काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, वजनाची पद्धत होती. अटलांटाचं मत हलकं, खेड्यातल्या काउंटीचं जड. १९६३ मध्ये ग्रे विरुद्ध सँडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली, 'एक व्यक्ती, एक मत' हे तत्त्व सांगून. मिसिसिपीत १८९० च्या घटनेनुसार गव्हर्नर व्हायला एकूण मतांबरोबर बहुसंख्य मतदारसंघही जिंकावे लागत. काळ्या मतदारांचा उमेदवार कधीच येऊ नये म्हणून. २०२० साली मिसिसिपीच्या मतदारांनीच सार्वमताने ती अट काढून टाकली. आज पन्नासही राज्यांत गव्हर्नर राज्यभरातली मतं मोजून निवडतात. सगळ्या देशासाठी निवडला जाणारा एकच माणूस, आणि नेमका तोच तसा निवडत नाहीत.

'आपले राष्ट्रपतीही निर्वाचक मंडळच निवडतं. मग अमेरिकेला नावं का ठेवायची?'
*– एक कार्यकर्ते, कोल्हापूर*

दादा, नाव सारखं आहे, पण हिशेब वेगळा आहे. तो एकदा करून बघा. आपल्याकडे आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून काढतात. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख, आमदार २८८, प्रत्येकाचं मूल्य १७५, गुणाकार ५०,४००. म्हणजे हजार माणसांमागे एक. गोव्याचे ४० आमदार, मूल्य २०, एकूण ८००. लोकसंख्या होती आठ लाखांच्या जवळ. पुन्हा हजारामागे एक. सिक्कीमच्या आमदाराचं मूल्य फक्त ७, कारण माणसंच तेवढी. आपल्या घटनाकारांनी मुद्दाम काळजी घेतली की माणूस कुठल्याही राज्यातला असो, त्याचं वजन सारखं राहावं. आकडे अजून १९७१ चेच आहेत हा दोष आहे, पण सूत्र न्याय्य आहे.

शिवाय आपल्याकडे पसंतीक्रम असतो. १९६९ मध्ये पहिल्या मोजणीत कुणालाच निम्म्याहून जास्त मूल्य मिळालं नाही. आपले चिंतामणराव देशमुख तिसरे होते. दुसऱ्या पसंतीची मतं मोजली आणि मग गिरी निवडून आले. आपल्या आमदारावर या मतदानात पक्षाचा व्हीप चालत नाही. २००७ मध्ये शिवसेनेने स्वतःच्या आघाडीचा उमेदवार सोडून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला, तो सगळ्यांना आठवत असेल. इथे उलट. २०१६ मध्ये सात निर्वाचकांनी ठरलेल्या उमेदवाराऐवजी दुसऱ्याच नावाला मत दिलं, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की राज्य निर्वाचकाला बांधून ठेवू शकतं. म्हणजे जाणत्या माणसांनी विचार करून निवड करावी हा जो मूळ हेतू सांगतात, तोही आता उरलेला नाही. डिसेंबरमध्ये आमचे निर्वाचक हॅरिसबर्गला जमतात, सह्या करतात आणि घरी जातात.

आणि सर्वांत मोठा फरक: आपली सत्ता पंतप्रधानांकडे, आणि लोकसभा अविश्वासाने त्यांना खाली उतरवू शकते. इथला अध्यक्ष धोरण आवडलं नाही म्हणून चार वर्षं हलवता येत नाही. एवढी सत्ता एका माणसाच्या हाती द्यायची तर ती मोजणी चोख हवी.

'सगळ्यांनी नेब्रास्कासारखं केलं तर? मतदारसंघवार वाटणी.'
*– अभियंता, पुणे*

नको. ओमाहाच्या मतदारसंघाचा एक निर्वाचक २००८, २०२० आणि २०२४ मध्ये बाकी नेब्रास्कापेक्षा वेगळा गेला, ते बघायला छान वाटतं. पण मतदारसंघांच्या सीमा सत्ताधारी पक्ष आपल्या सोयीने आखतात. २०१२ मध्ये देशभर ही पद्धत असती, तर जवळजवळ पन्नास लाख मतांनी मागे असलेले रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी २७४ विरुद्ध २६४ असे निवडून आले असते. रोगापेक्षा औषध जालीम.

'आम्ही कोकणातली माणसं. मुंबई-पुण्याच्या संख्येपुढे आमचं कोण ऐकणार, हे आम्ही रोज भोगतो. थेट मोजणी झाली तर तिकडेही न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच सगळं ठरवतील. मला तुमचं पटत नाही.'
*– आंबा बागायतदार, रत्नागिरी जिल्हा*

काका, तुमची भीती मला समजते. मी स्वतः २०१८ पासून मतदान केंद्रावर काम करते. सकाळी सहाला पोचायचं, सातला दार उघडायचं, रात्री आठला बंद. तिथे आमच्या टाउनशिपच्या टोकाला मका पिकवणारे एक आजोबा दरवेळी पहिल्या पाचांत असतात. २०२० ला ते मला हेच म्हणाले, की थेट मोजलं तर शहरवाले आम्हाला गिळतील.

मी त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. अमेरिकेतली पहिली शंभर शहरं एकत्र केली तरी लोकसंख्येचा साधारण पाचवा भाग होतो. शहरं सगळीच्या सगळी एका बाजूला मत देत नाहीत, आणि दिलं तरी त्यांना पुरत नाही. खेड्यांचं नुकसान आजच जास्त होतं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला दूधवाल्यांची गावंच्या गावं आहेत, इलिनॉयच्या दक्षिणेला सोयाबीनची. त्यांची मतं न्यूयॉर्क शहर आणि शिकागोच्या आकड्याखाली दरवेळी गाडली जातात, कारण मोजणी राज्याच्या वेशीवर थांबते. देशभर एकच बेरीज असेल, तर इलिनॉयचा शेतकरी आयोवाच्या आणि टेक्सासच्या शेतकऱ्याशी जोडला जाईल. आज त्या दोघांच्या मधे राज्याची सीमा भिंतीसारखी उभी आहे.

आजोबा माझ्या म्हणण्यावर 'बघू' म्हणाले. पटलं असं नाही म्हणाले. तुम्हालाही लगेच पटावं असा माझा आग्रह नाही.

याच पत्रात तुम्ही फेरमोजणीचं विचारलं आहे, की फरक कमी असेल तर सगळा देश पुन्हा मोजायचा का? २००० साली अल गोर देशात ५ लाख ४३ हजार मतांनी पुढे होते, त्याबद्दल वाद नव्हता. वाद पेटला फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर. २०२० मध्ये बायडन सत्तर लाखांनी पुढे, पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून फरक त्रेचाळीस हजारांच्या आतच. ढीग मोठा असला की फरकही मोठा राहतो. एक्कावन्न छोटे ढीग केले की त्यातला कुठला तरी एक केसाच्या अंतरावर येतोच, आणि सगळे वकील, सगळा दबाव त्याच ढिगावर पडतो. २०२० नंतरच्या त्या आठवड्यांत आमच्या काउंटीतल्या मोजणीवर काम केलेल्या बायकांना रात्रीअपरात्री फोन येत होते. मी ते जवळून पाहिलं आहे. ती भीती मी कधी विसरणार नाही.

'एवढं उघड आहे तर बदलत का नाहीत?'
*– गृहिणी, ठाणे*

ताई, एकदा अगदी उंबरठ्यापर्यंत पोचले होते. १९६८ मध्ये वंशभेदाचे पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली, ४६ निर्वाचकांची मतं मिळवली. थोडं इकडचं तिकडे झालं असतं तर अध्यक्ष कोण, याचा सौदा त्यांच्या हाती गेला असता. दोन्ही पक्ष हादरले. इंडियानाचे सिनेटर बर्च बाय आणि न्यूयॉर्कचे इमॅन्युएल सेलर यांनी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती आणली: ४० टक्के मतं मिळाली तर विजयी, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. १८ सप्टेंबर १९६९ ला प्रतिनिधिगृहात ती ३३८ विरुद्ध ७० ने मंजूर झाली. स्वतः निक्सन यांनी पाठिंबा दिला.

मग ती सिनेटमध्ये गेली. दक्षिणेच्या सिनेटरांनी चर्चा लांबवायचं हत्यार उपसलं. थर्मंड, ईस्टलंड, अर्विन. १७ सप्टेंबर १९७० ला चर्चा थांबवायचा ठराव ५४ विरुद्ध ३६ असा आला. साठ हवी होती. सहा मतं कमी पडली आणि प्रस्तावावर खरं मतदान झालंच नाही. बाय यांनी सोडलं नाही. १९७९ ला पुन्हा आणला, ५१ विरुद्ध ४८. हवी होती दोन तृतीयांश. त्या वेळी उत्तरेतल्या काही उदारमतवाद्यांनीही विरोध केला. मोठ्या काठावरच्या राज्यांत काळ्या आणि ज्यू मतदारांना जे महत्त्व मिळतं ते जाईल, अशी त्यांना धास्ती होती. ज्याला आज फायदा आहे असं वाटतं तो हात वर करत नाही, आणि घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं लागतात.

म्हणून आता वळसा घालून प्रयत्न चालू आहे. राज्यं आपापसात करार करतात: आमचे निर्वाचक आम्ही देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला देऊ, पण करारातल्या राज्यांची बेरीज २७० झाल्यावरच. २००७ मध्ये मेरिलँडने सुरुवात केली. एप्रिल २०२४ मध्ये मेन आलं तेव्हा बेरीज २०९ झाली होती. तोवर आलेली सगळी राज्यं डेमोक्रॅट कलाची, ही त्याची कमजोरी. काँग्रेसची संमती लागते का, हाही वाद न्यायालयात जाणारच. पोर्टो रिकोतल्या तीस लाखांहून जास्त अमेरिकन नागरिकांना अध्यक्षासाठी मतच नाही, त्यांना हा करारही काही देत नाही. मला घटनादुरुस्तीच हवी आहे. पण ती येईपर्यंत हा करार पुढे जात असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. आमच्या राज्याच्या आमदारांना मी तसं पत्र दर अधिवेशनाला लिहिते.

२०२४ मध्ये ट्रम्प यांना निर्वाचकही जास्त, ३१२, आणि देशभरातली मतंही जास्त मिळाली. तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, आता तुझा मुद्दा संपला. नाही संपला. त्या वर्षी उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही. गणिताला आमचे मिरजेचे सर रीत चुकली की गुण कापायचेच.

'माझी लेक न्यू जर्सीत असते, यंदाच नागरिक झाली. म्हणते, आमच्या राज्याचा निकाल आधीच ठरलेला असतो, मी कशाला रांगेत उभी राहू? तिला काय सांगू?'
*– एक आई, डोंबिवली*

वहिनी, तिला रागावू नका, ती म्हणते त्यात तथ्य आहे. न्यू जर्सीत अध्यक्षासाठी तिचं मत आज जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि म्हणूनच मी हे सगळं लिहिते आहे. पण मतपत्रिका ती एकच नसते. न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक विषम वर्षी होते, आणि त्यात केप मेचं मत आणि जर्सी सिटीचं मत अगदी सारखं मोजलं जातं. शाळेचं मंडळ, टाउनशिप, काउंटी, सगळं तसंच. नातवाच्या शाळेचा खर्च तिथे ठरतो. तिला म्हणावं, नावनोंदणी मतदानाच्या एकवीस दिवस आधी करावी लागते, आणि घर बदललं की पुन्हा पत्ता कळवायचा असतो. पहिल्या वेळी सोबत हवी असेल, तर माझा पत्ता संपादकांकडे आहे. तिचं गाव माझ्यापासून फार लांब नसेल. नदी ओलांडली की न्यू जर्सीच.